माळ्याच्या खिशातला चाकू

शेती आणि बागकामासाठी बनवलेला घडीचा चाकू हे फार साधे हत्यार आहे. एक किंवा दोन पाती, पाती दाबून धरणारी पाठीची पोलादी कमान, दोन्ही बाजूंना शिंगाच्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, आणि हे सगळे एकत्र बांधणाऱ्या चारपाच खिळा. शिडीवर चढलेल्या माळ्याला दोन्ही हात मोकळे लागतात आणि मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगराला कमरेचे म्यान अडचणीचे होते, म्हणून पाते मुठीत मिटवायचे आणि चाकू खिशात टाकायचा. भेट म्हणून दिलेले, मोत्याच्या शिंपल्याची मूठ असलेले चाकू पेटीत पडून राहिल्यामुळे आजही नव्यासारखे सापडतात. शेतकऱ्याचा चाकू मात्र रोज वापरात असे. दगडावर घासून घासून पाते झिजे, शेवटी काडीएवढे उरे, मग तो फेकला जाई किंवा बांधावर हरवे. त्यामुळे जुन्या काळी लाखोंनी बनलेली ही वस्तू आज चांगल्या अवस्थेत क्वचितच हाती लागते, आणि संग्राहकांना तिची ओढ वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

या चाकूचे मूळ घडीच्या चाकूपेक्षाही जुन्या एका हत्यारात आहे. पहिल्या शतकातला रोमन कृषिलेखक कोल्युमेला याने द्राक्षवेलीच्या छाटणीच्या कोयतीचे वर्णन केले आहे. त्या एकाच हत्याराचे त्याने सहा भाग सांगितले आणि प्रत्येकाला वेगळे नाव दिले. मुठीजवळची सरळ धार, आतला बाक, तासायची धार, चोच, पाठीवरची छोटी कुऱ्हाड आणि टोक. बाकाने ओढून कापायचे, चोचीने पोखरायचे, कुऱ्हाडीने घाव घालायचा. पुढे दीड-पावणेदोन हजार वर्षांनी युरोपातल्या माळ्याच्या खिशात जो वाकड्या पात्याचा चाकू आला, त्यात कुऱ्हाड गेली होती पण तो आतला बाक तसाच होता. फ्रेंच लोक त्याला सेर्पेत म्हणतात, म्हणजे लहान कोयती. आतून वाकलेल्या पात्यात फांदी आपोआप अडकते, निसटत नाही, आणि हात मागे ओढला की धार फांदीच्या पोटातून सरकत जाते. सरळ पात्याला हे जमत नाही.

पात्याचा आकार कामातून ठरतो, हे डोळा भरायच्या चाकूइतके दुसऱ्या कशातही स्पष्ट दिसत नाही. गुलाबाच्या किंवा फळझाडाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, साल दोन्ही बाजूंनी हलकेच उचलायची, आणि हव्या त्या जातीचा डोळा सालीच्या छोट्या ढालीसकट आत सरकवून बांधून टाकायचा. छेद घ्यायला पातळ, सरळ, वस्तऱ्यासारखे पाते हवे. साल उचलायला मात्र धार चालत नाही. सालीखालचा ओला, वाढणारा थर जखमी झाला तर डोळा धरत नाही. शिवाय झाडाच्या रसातल्या टॅनिनशी लोखंडाचा संबंध आला की काळे डाग पडतात. म्हणून या चाकूच्या मुठीचेच टोक चपटे, गुळगुळीत जिभेसारखे घडवलेले असे, हाडाचे किंवा हस्तिदंताचे. जुन्या इंग्रजी चाकूंमध्ये ही जीभ कधी अख्ख्या मुठीतून कोरलेली असते, कधी टोकाला बसवलेली. खुंट आणि काडी जोडायच्या कलमाच्या चाकूला जीभ लागत नाही. त्याचे पाते जाडसर असते आणि त्याला बहुधा एकाच बाजूने धार असते, म्हणजे काप सपाट येतो आणि दोन लाकडे फट न राहता एकमेकांवर बसतात.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या काळात जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात आंब्याच्या कलमांना चालना दिली, आणि हापूससारखी जात पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी राहिली ती कलमांमुळेच. भेट कलमात रोप आणि झाडाची फांदी या दोहोंवरून सारख्या लांबीची साल-लाकडाची चकती काढून ती तोंडे एकमेकांना भिडवतात. काप एका झटक्यात, एका पातळीत आला नाही तर कलम फसते. कोय कलम असो वा गुलाबाचा डोळा, हाताचे कौशल्य आणि धारेचा गुण यांचे नाते सगळीकडे एकच आहे.

जनावरांसाठी बनवलेले चाकू ही याच घराण्याची दुसरी शाखा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या मानेची शीर फोडून रक्त काढणे हा सर्रास उपचार समजला जाई. त्यासाठी पितळी किंवा शिंगाच्या कवचात मिटणारी दोनतीन पाती असत. प्रत्येक पात्याच्या कडेला त्रिकोणी दात, तो शिरेवर ठेवायचा आणि वरून लाकडी दांडक्याचा ठोका द्यायचा. उपचार निरुपयोगी ठरून बंद पडला, हत्यारे मात्र मोठ्या संख्येने उरली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुराख्यांसाठी तीन पात्यांचा चाकू रूढ झाला. त्यातले एक पाते रोजच्या कामाचे, दुसरे सरळ धारेचे आणि बोथट टोकाचे, आणि तिसरे खच्चीकरणासाठी. या तिसऱ्याचे टोक मुद्दाम गोलसर ठेवलेले असते. जनावराने अचानक अंग झाडले तर पाते खोल घुसू नये, एवढाच त्यामागचा विचार.

या सगळ्या प्रकारांचे सर्वांत मोठे घर म्हणजे इंग्लंडमधले शेफील्ड. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका पात्राच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला दाखवला आहे, म्हणजे तेव्हाच गावाचे नाव त्या मालाशी जोडले गेले होते. डोंगरातून उतरणाऱ्या पाचसहा लहान नद्या पाणचक्क्या फिरवायला पुरेशा होत्या आणि धार लावायच्या चाकांसाठी वालुकाश्म जवळच मिळत होता. १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून शेफील्डभोवतालच्या हॅलमशर भागातल्या चाकूवाल्यांची कंपनी स्थापन केली. प्रत्येक कारागिराची खूण नोंदवणे, शिकाऊ उमेदवारी किमान सात वर्षांची ठेवणे आणि मालाच्या दर्जावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. आज संग्राहक पात्याच्या बुडाशी भिंग लावून जी चांदणी, जो क्रॉस किंवा जो शब्द शोधतो, त्यामागे ही नोंदवही आहे.

१७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून त्याने शेफील्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. हे पोलाद एकजीव आणि कडक होते. असे सांगतात की शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते फार कठीण म्हणून सुरुवातीला नाकारले, हंट्समनचा माल फ्रान्सला गेला, आणि त्याच पोलादाचे फ्रेंच चाकू विकायला येऊ लागले तेव्हा गावाचे डोळे उघडले. कलमाच्या चाकूला जी वस्तऱ्यासारखी धार लागते ती या मुशीच्या पोलादाने टिकवली, यात शंका नाही.

चाकू एका माणसाच्या हातून पुरा होत नसे. लोहार पाते घडवी आणि त्याला पाणी देई, दुसरा चाकावर धार काढी, तिसरा मूठ, कमान आणि खिळा बसवून सगळे जुळवी. भाड्याने एखादी खोली, एखादे चाक घेऊन स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या अशा कारागिराला तिथल्या बोलीत लिटल मेस्टर म्हणत, म्हणजे छोटा उस्ताद. आपल्याकडच्या शिकलगारांच्या कामाशी ज्याचे सर्वांत जवळचे नाते, त्या धार काढणाऱ्याचे आयुष्य सर्वांत वाईट होते. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसात जाऊन बसे. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांनी एकोणिसाव्या शतकात जी वये नोंदवली ती वाचवत नाहीत. कोरड्या दगडावर काटे घासणारे २८ ते ३२ व्या वर्षी मरत, वस्तरे घासणारे ४० ते ४५ च्या दरम्यान, आणि ओल्या दगडावर टेबलावरच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० च्या दरम्यान. कधी फिरता फिरता दगडच फुटून जीव जाई. ११ मार्च १८६४ च्या रात्री गावावरचे डेल डाइक धरण फुटले, तेव्हा सुमारे २४० माणसे गेली आणि लॉक्सली नदीकाठचे धारेचे कारखाने वाहून गेले. सुबक पाते हातात घेणाऱ्याने या माणसांची आठवण ठेवली पाहिजे. त्यांच्या नावाचा शिक्का चाकूवर कधीच उमटला नाही, शिक्का असे तो मालकाचा.

एकोणिसावे शतक हा या चाकूंचा भराचा काळ. १८०४ मध्ये लंडनला बागायतीची संस्था निघाली, तीच पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाली. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि काचघरे सामान्य श्रीमंतांच्याही आवाक्यात आली. मोठ्या वाड्यांवर माळ्यांचे ताफे कामाला लागले आणि गुलाबाचे शेकडो नवे प्रकार डोळे भरून वाढवले जाऊ लागले. ही गरज ओळखून शेफील्डच्या सेनर या कारखान्याने छाटणीच्या आणि डोळा भरायच्या चाकूंमध्येच नाव मिळवले. 'ऑब्टेन' हा शब्द असलेली त्यांची खूण आजही संग्राहक हौसेने शोधतात. जोसेफ रॉजर्स हे त्याहून मोठे घर. १८२२ पासून त्यांना राजघराण्याचे चाकूवाले हा मान होता, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी ७५ पात्यांचा प्रचंड नॉरफोक चाकू मांडला. हिंदुस्थानात त्यांचा माल भरपूर येई. पण प्रदर्शनातल्या त्या चाकूने कुणी एक डहाळीही कापली नाही. घराची खरी लायकी पाहायची तर त्यांचा साधा एकपाती छाटणीचा चाकू पाहावा.

हिंदुस्थानशी या चाकूंचा दुसरा धागा मुठीत आहे. इंग्रजीत ज्याला स्टॅग म्हणतात ती खडबडीत, तपकिरी शिंगाची मूठ म्हणजे कितीतरी वेळा आपल्या जंगलांतल्या सांबराचे शिंग असे. सांबराचे शिंग दरवर्षी गळते आणि भरीव असते, त्यामुळे पट्ट्या कापायला ते युरोपातल्या हरणांच्या शिंगापेक्षा बरे. ओल्या, चिकट हातातून ते निसटत नाही, म्हणून छाटणीच्या चाकूंना तेच पसंत. शेफील्डप्रमाणे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारखान्यांनाही ते पाठवले जाई. स्वस्त मालासाठी गाईबैलांच्या नळीच्या हाडावर खाचा पाडून त्याला शिंगासारखा रंग देत.

फ्रान्समध्ये तिएर हे चाकूंचे गाव. शेफील्डचा कारागीर चाकासमोर घोड्यावर बसावे तसा बसे, तिएरचा कारागीर मात्र दुरोल नदीवरच्या गार खोलीत फळीवर पालथा पडून काम करी, आणि पायांना ऊब मिळावी म्हणून कुत्रा पायांवर निजवी. डोंगराळ ओब्राक भागात १८२९ च्या सुमारास पिएर-झां काल्मेल यांनी लायोल चाकू घडवला. गाईचे पोट फुगले तर वायू काढण्यासाठी पोटात भोसकायची सुई काही वर्षांतच त्यात आली आणि १८८० च्या सुमारास बूच काढायचा स्क्रूही आला. गुराख्याचा चाकू शहरातल्या खानावळीत पोचला, तो असा. साव्हॉयच्या डोंगरात कुऱ्हाडी-कोयते घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा, कमानही नसलेला अगदी स्वस्त चाकू काढला. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे बारा आकार ठरले, १९०९ मध्ये मुकुट घातलेल्या हाताची खूण आली आणि १९५५ मध्ये पाते अडकवणारे फिरते कडे आले. मोठ्या आकाराच्या जुन्या ओपिनेलवर कडे नसेल तर तो बहुधा त्याआधीचा, इतकी सोपी खूण क्वचितच दुसऱ्या चाकूला असते.

फ्रान्समधल्या कलमाच्या चाकूंना एका संकटाने वाढवले. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाचा बारीक कीटक अमेरिकेतून येऊन द्राक्षांच्या मुळांवर पडला आणि मळेच्या मळे वाळले. उपाय एकच निघाला, अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीची काडी बांधणे. पिढ्यान्‌पिढ्या फक्त छाटणी करणाऱ्या शेतकऱ्यांना कलम शिकावे लागले आणि त्यासाठी खास चाकू घ्यावे लागले. जर्मनीत रॉयटलिंगेनचे टिना हे १८५४ मधले घर असेच कलमांच्या चाकूंत रमले आणि आजही तेच बनवते.

घसरणीची सुरुवात मात्र याच शतकात झाली. राजा सोळाव्या लुईचा मंत्री राहिलेल्या बेर्त्रां द मोल्व्हिल याने १८१५ च्या सुमारास छाटणीची कात्री काढली. वेलीच्या फांद्या चिरडतात म्हणून जुन्या मळेकऱ्यांनी तिला नाके मुरडली, पण तिने अडाण्याच्या हातूनही काम होई, त्यामुळे सेर्पेत हळूहळू मागे पडली. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ले जकात लावली आणि शेफील्डचा सर्वांत मोठा बाहेरचा बाजार आखडला, तर अमेरिकेतले देशी कारखाने वाढले. १९१३ मध्ये शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद बनवले. घरच्या सुऱ्यांना ते वरदान ठरले, पण जुने माळी मात्र धारेसाठी कितीतरी वर्षे साध्या पोलादालाच धरून राहिले. मोठ्या वाड्यांवरचे माळ्यांचे ताफे पहिल्या महायुद्धानंतर ओसरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डची जुनी घरे एकेक करून बंद पडली किंवा विकली गेली. चाकू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने घडवणारा स्टॅन शॉ १९२६ मध्ये जन्मला, चौदाव्या वर्षी कामाला लागला आणि २०२१ मध्ये वारला.

जुना चाकू कोणत्या काळातला हे ठरवताना संग्राहक आधी पात्याच्या बुडाकडे पाहतो. मॅकिन्ले कायद्यामुळे मार्च १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव असणे सक्तीचे झाले. त्यामुळे 'शेफील्ड' एवढाच शिक्का असेल तर चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता आणि 'इंग्लंड' असेल तर बहुधा नंतरचा. पण हा नियम डोळे मिटून लावू नये, कारण इंग्लंडमध्येच विकायच्या मालावर नंतरही देशाचे नाव घालत नसत. रॉजर्सच्या पात्यांवर मुकुटाच्या दोन्ही बाजूंना राजाची आद्याक्षरे असतात. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. डब्ल्यू आर म्हणजे चौथा विल्यम, तो फक्त सात वर्षे राजा होता, म्हणून ते चाकू दुर्मीळ. जी आर असेल तर घोटाळा होतो, कारण चौथा जॉर्ज १८३० मध्ये गेला आणि पाचवा १९१० मध्ये आला. अशा वेळी मूठ, खिळा आणि पात्याची घडण पाहूनच निर्णय करावा लागतो. अमेरिकेच्या केस कंपनीने १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके ठेवून दरवर्षी एक कमी करण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे तिथे वर्षसुद्धा कळते.

त्यानंतर कान लावायचा. चांगल्या कमानीचा चाकू उघडताना आणि मिटताना खट्ट असा स्वच्छ आवाज होतो. कमान थकली असेल तर पाते लोळते. मग पात्याची रुंदी. घासून झिजलेले पाते खालच्या बाजूने, म्हणजे धारेकडून कमी होते, आणि नखाची खाच मात्र पाठीजवळच राहते. खाचेखाली लोखंड किती उरले आहे यावरून चाकू किती वर्षे वापरला हे समजते. झिजलेल्या वाकड्या पात्याचा बाक कमी होऊन ते सरळसर दिसू लागते. काही विक्रेते असे पाते चाकावर घासून पुन्हा डौलदार करतात आणि अधिक किमतीला विकतात. त्यात चाकूची फसवणूक होते आणि गिऱ्हाइकाचीही. बुडाचा शिक्का पुसट झालेला आणि पाते मात्र आरशासारखे, असा चाकू घेऊ नये.

जुन्या चाकूचे सर्वांत जास्त नुकसान गंजापेक्षा हौशी माणसाच्या चकाकीच्या वेडाने होते. साध्या पोलादावर वर्षानुवर्षे वनस्पतींच्या रसाने जो निळसर-काळा थर चढतो, तो धातूला राखतो आणि चाकूच्या आयुष्याची साक्षही देतो. लाल गंज मात्र खातो. तो तेलात भिजवून, लाकडाच्या किंवा हाडाच्या काडीने हळूच काढावा. चाकू कातड्याच्या म्यानात ठेवू नये, कातड्यातला ओलावा आणि आम्ल पात्याला लागते. सेल्युलॉइडची मूठ असलेला चाकू इतरांपासून वेगळा ठेवावा, कारण कुजू लागलेल्या सेल्युलॉइडमधून निघणाऱ्या वायूने शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. एकाच पेटीतले डझनभर चाकू अशा एका मुठीने खराब झाल्याची उदाहरणे संग्राहकांत नेहमीच ऐकू येतात.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. हस्तिदंती जिभेचा चाकू ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्याखाली येतो. तो कायदा जून २०२२ पासून अमलात आहे, आणि हस्तिदंताचा अंश दहा टक्क्यांहून कमी असलेल्या १९४७ पूर्वीच्या वस्तू नोंदणी करून विकता येतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि सांबराच्या शिंगाच्या व्यापारालाही मनाई आहे. त्यामुळे परदेशातून असा चाकू मागवण्याआधी त्याची मूठ कशाची आहे हे विचारून घ्यावे. हाडाच्या, आबनुसाच्या आणि साध्या लाकडाच्या मुठींना ही अडचण नाही, आणि शेतकऱ्यांनी वापरलेले बहुतेक चाकू त्याच मुठींचे आहेत.

आजोबांच्या ट्रंकेत किंवा वाडीवरच्या खोपटात एखादा जुना कलमाचा चाकू सापडला तर तो धारवाल्याकडे नेऊ नका. तेलाचे बोट फिरवा, कोरड्या कापडात गुंडाळा, आणि तो कुणी, कुठल्या झाडांवर वापरला हे चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवा.